छप्पन्नच्या मागे लागू नकोस

या आठवड्याचं पत्र खानापूरहून आलंय.

«मॅडम, नमस्कार. मी खानापूरचा, शिकायला बेळगावात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माळा साफ करताना बाबांचा जुना पेंटियम थ्री सापडला. झटकून लावला तर विंडोज ९८ सुरू झालं की! बाबा आणि निपाणीचे काका पूर्वी रात्री अकरानंतर फोनवरनं एज ऑफ एम्पायर्स खेळायचे आणि मधेच आजी फोन उचलायची की डाव मोडायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. काकांकडंही तसलाच पीसी आहे. मला आणि माझ्या चुलतभावाला या गणपतीत तसंच खेळायचंय. मोबाईलवर सगळं मिळतं हे ठाऊक आहे, खरं हे वेगळं. अडचण मोडेमची. बाबांचा मोडेम एका वळवाच्या पावसात जळाला म्हणे. बेळगावात जुन्या कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात तीन मोडेम बघून आलो. एक आतलं पीसीआय कार्ड, खोकं न उघडलेलं, वर ‘५६के, व्ही.९२’ असं लिहिलंय, दीडशे रुपये. एक यूएसबीचा, अगदी छोटा, तोही ५६के, चारशे. तिसरा यूएस रोबोटिक्सचा स्पोर्टस्टर, पिवळा पडलेला डबा, मागं मोठं सिरीयल पोर्ट, फक्त ३३.६, अडॅप्टर नाही, तरी दुकानदार पाचशे म्हणतोय. चुलतभाऊ म्हणतोय छप्पन्नचाच घे. बाबा म्हणतायत पैसे पाण्यात घालू नको. घरचा फोन गेल्या वर्षी फायबरवर गेलाय, नंबर तोच आहे. काकांच्या दुकानात जुना इंटरकॉमचा डबा पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का? कुठला मोडेम घेऊ? — धडपड्या, खानापूर»

धडपड्या,

पिवळा डबा घे. पाचशे मात्र देऊ नकोस, अडॅप्टर नसलेल्या मोडेमला साडेतीनशे पुष्कळ झाले. तो का घ्यायचा हे सविस्तर सांगते, कारण तुझा चुलतभाऊ नुसत्या निकालावर गप्प बसेल असं पत्रावरून वाटत नाही.

आधी छप्पन्नचा हिशेब. साध्या फोनवर दोन मोडेम एकमेकांशी बोलतात तेव्हा आवाजाच्या रूपात माहिती जाते, आणि त्या पद्धतीची शेवटची पायरी म्हणजे व्ही.३४. १९९४ मध्ये ती २८.८ वर (म्हणजे सेकंदाला २८.८ हजार बिट) आली, १९९६ मध्ये ३३.६ वर, आणि तिथंच थांबली. मग १९९७ मध्ये ५६केची हवा झाली. एका बाजूला यूएस रोबोटिक्सचं एक्स२, दुसऱ्या बाजूला रॉकवेल आणि लुसेंटचं के५६फ्लेक्स, आणि एकाचं दुसऱ्याला कळेना. १९९८ च्या व्ही.९० नं ते भांडण मिटवलं, २००० साली व्ही.९२ आलं. पण या सगळ्या छप्पन्नांची एक अट होती: एक टोक थेट डिजिटल हवं. इंटरनेट कंपनीकडं तसं टोक असायचं. त्यांच्या बाजूनं माहिती डिजिटल स्वरूपातच एक्स्चेंजमध्ये शिरायची आणि ग्राहकाच्या घराजवळ पोचल्यावर एकदाच तिचा आवाज व्हायचा. म्हणून खाली उतरणारा वेग छप्पन्नपर्यंत जायचा आणि वर चढणारा व्ही.९० मध्ये तरी ३३.६ वरच अडायचा.

आता तुझी गोष्ट. खानापूरहून निपाणीला फोन लावलास तर दोन्ही टोकांना घरगुती मोडेम. डिजिटल टोक कुठंच नाही. तेव्हा सीलबंद खोक्यावर काहीही छापलेलं असो, तुम्हा दोघांत ३३.६ च्या वर काही जाणार नाही. चुलतभावाला एवढं एक वाक्य वाचून दाखव.

आणि समज, मिळालेच असते छप्पन्न, तरी खेळात काय फरक पडला असता? बेरीज करून बघ. खेळाचं एक पाकीट शंभर बाइटचं धरू, म्हणजे ८०० बिट. ३३.६ वर ते तारेवर चढायला साधारण २४ मिलिसेकंद लागतात, ५६ वर १४. वाचले दहा. आणि डायल-अपवर एक फेरी जाऊन येईपर्यंत शंभर ते दोनशे मिलिसेकंद सहज जायचे. ही वेळ मुख्यतः मोडेमच्या आतल्या कामात जाते. माहिती गोळा कर, तिचा आवाज कर, पलीकडं आवाज ऐकून पुन्हा माहिती कर, चूक आहे का तपास, मग कॉम्प्युटरला दे. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर एका खेपेत केवढा माल कारखान्यावर नेतो, पण घरी निरोप पोचवायचा तर सायकलवरचं पोरगं त्याच्या कितीतरी आधी पोचतं. गाणी, चित्रं उतरवून घ्यायला ट्रॉली हवी. खेळायला सायकल. खोक्यावर छापतात तो आकडा ट्रॉलीचा, सायकलचा आकडा कुणी छापतच नाही, म्हणून लोक फसतात. आमच्या वेळी टिळकवाडीतल्या क्लासमध्ये पोरं कनेक्शनचा आकडा एकमेकांना मोठ्या फुशारकीनं सांगायची आणि खेळात मरायची, त्याचं कारण हेच.

तुम्ही निवडलेला खेळ या बाबतीत फार समजूतदार आहे. एज ऑफ एम्पायर्स १९९७ चा, आणि बनवणाऱ्यांनी तो ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम, १६ एमबी रॅम आणि २८.८ चा मोडेम एवढ्यावर चालला पाहिजे असं ठरवूनच रचला. शेकडो सैनिक पडद्यावर पळत असतात, पण ते तारेवरून जात नाहीत. तारेवरून जातात ते फक्त हुकूम: या दहा जणांना तिकडं पाठव, इथं भिंत बांध. दोन्ही कॉम्प्युटर ते हुकूम एकाच ठरलेल्या क्षणी पाळतात आणि आपापल्या जागी सगळं युद्ध स्वतः मांडतात, म्हणून दोन्हीकडं चित्र सारखं राहतं. याच मंडळींनी २००१ मध्ये लिहून ठेवलंय की हुकूम दिल्यापासून तो पाळला जाईपर्यंत पाव सेकंद गेला तर खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पाव ते अर्ध्या सेकंदापर्यंत खेळ छान चालतो, आणि अर्ध्याच्या पुढं मात्र खटकायला लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उशीर एकसारखा असला तर माणूस सवय करून घेतो. कधी पटकन, कधी थांबून, असं झालं की वैतागतो.

तेव्हा तुला वेगवान नको, एकसारखा चालणारा मोडेम हवा. ही कसोटी लावली की तिघांची निवड सोपी होते.

पीसीआय कार्ड दीडशेला का मिळतंय? कारण त्यात बहुधा अर्धा मोडेमच नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपन्यांनी स्वस्त करायच्या नादात मोडेममधला मेंदू काढून टाकला आणि ते काम विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकललं. यांना विनमोडेम म्हणायचे, सॉफ्ट मोडेमही म्हणतात. वेब पानं बघायला काही बिघडत नव्हतं. खेळताना मात्र प्रोसेसर आधीच खेळात गुंतलेला, त्यात मोडेमचं ओझं, आणि ड्रायव्हर आपल्या सोयीनं माहिती साठवून मग पुढं ढकलणार. उशीर कमी-जास्त होतो तो इथं. पेंटियम थ्रीला हे ओझं जड नाही हे मान्य, आणि लुसेंटची काही कार्डं खेळाला बरी म्हणून नावाजलेलीही होती. पण न उघडलेल्या खोक्यात कुठली चिप आहे हे दुकानदारालाही माहीत नसणार. ड्रायव्हरची सीडी आत नसेल तर ती शोधण्यातच तुझा गणपती संपेल. शिवाय विनमोडेम डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीममध्ये, मेलेलाच असतो, आणि जुन्या खेळांचा नाद लागला की डॉस आज ना उद्या येणारच.

यूएसबीवाला सोडून दे. एवढ्या छोट्या मोडेममध्ये बहुतेकदा तीच अर्धवट रचना असते, त्यात विंडोज ९८ आणि यूएसबी यांचं कधी फारसं जमलं नाही.

स्पोर्टस्टर हा पूर्ण मोडेम. त्याचा मेंदू त्याच्या डब्यात, वीज त्याची वेगळी, ड्रायव्हरचं झंझट जवळजवळ नाही. कुठलाही जुना टर्मिनल प्रोग्रॅम उघडून इंग्रजीत ए आणि टी ही दोन अक्षरं टाईप केलीस आणि एंटर मारलंस की तो ‘ओके’ म्हणतो. विंडोज, डॉस, लिनक्स, त्याला कशाशीच देणंघेणं नाही. दुकानात घेताना हीच परीक्षा घे. दुकानदाराकडं सिरीयल पोर्ट असलेला एखादा जुना पीसी असेलच, तिथं लावून ‘ओके’ आल्याशिवाय पाकीट काढू नकोस. समोरच्या लाल दिव्यांवर जाऊ नकोस, दिवे लागूनही फोनची बाजू जळालेले मोडेम असतात. म्हणून जमलं तर त्यांच्याच फोनची वायर लावून एटीडीटी आणि पुढं तुझा मोबाईल नंबर दे. मोबाईल वाजला की व्यवहार पक्का.

अडॅप्टरचं मात्र नीट वाच, कारण चूक इथंच होते. आपल्या घरात पडलेले बहुतेक अडॅप्टर डीसी देतात. स्पोर्टस्टरच्या बऱ्याच मॉडेलना ९ व्होल्ट एसी लागतो, एसीच, डीसी नाही. डब्याच्या बुडावर लिहिलेलं असतं. एसीच्या जागी नागमोडी रेघ, डीसीच्या जागी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ. व्होल्ट जुळले म्हणून राउटरचा अडॅप्टर खुपसू नकोस. पुढंमागं अमेरिकेतून आलेला मूळ अडॅप्टर कुणी दिला तर तो १२० व्होल्टचा असणार, आपल्या २३० वर लावलास तर धूर निघेल. ९ व्होल्ट एसीचा अडॅप्टर न मिळाला तर त्याच व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, पण तो डब्यात नीट बंद करून घे, उघडा ठेवू नकोस. इंजिनिअरिंगला आहेस, एवढं जमेल. न जमलं तर कॉलेजच्या लॅबमधल्या माणसाला विचार, त्यांना अशा कामात मजा येते.

केबल लागेल ती एका टोकाला ९ पिनांची, दुसऱ्या टोकाला २५ पिनांची. दुकानात ‘मोडेम केबल’ म्हणून माग. ‘नल मोडेम’ म्हणून जी मिळते ती वेगळी, ती दोन कॉम्प्युटर थेट जोडायची.

सेटिंगची गोष्ट आता, आणि खरी मेख इथं आहे. मोडेम जन्मतः दोन कामं करतो, चूक दुरुस्त करणं आणि माहिती दाबून लहान करणं. दोन्ही फाईल उतरवताना चांगली. खेळात दुसरीचा काही उपयोग नाही, खेळाचे हुकूम आधीच इवलेसे असतात, त्यांना दाबून काय मिळणार? उलट दाबण्यासाठी थांबावं लागतं. ती डोळे झाकून बंद कर. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनलमधून मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, कनेक्शन, मग ॲडव्हान्स्ड, तिथं दोन्हींच्या चौकटी दिसतील.

चूक-दुरुस्तीचं थोडं अवघड आहे. ती चालू असली की मोडेम माहितीचे गठ्ठे बांधतो, एखादा गठ्ठा बिघडला तर तो पुन्हा मागवतो, आणि तोवर मागचे सगळे गठ्ठे रांगेत उभे. एकसारखेपणा गेला तो गेलाच. बंद केलीस तर फेरी झटपट होते, पण तारेवरची खरखर सरळ खेळात शिरते. स्वच्छ लाईनवर बंद, खरखरीच्या लाईनवर चालू, असं मी सांगेन. दोन्ही करून बघ, दोन्ही घरी एकच ठेव. स्पोर्टस्टरला हेच आज्ञेनं सांगायचं तर त्याच ॲडव्हान्स्डच्या पानावर ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’ म्हणून रिकामी जागा आहे, तिथं &के० लिहिलं की दाबणं बंद, &एम० लिहिलं की चूक-दुरुस्ती बंद. अर्थात के आणि एम इंग्रजीत, शून्य आकड्यात. दुसऱ्या कंपनीच्या मोडेमला या आज्ञा लागू पडत नाहीत, हे निपाणीकडं कळव.

आता फायबर. तुझ्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ तीच. तुमचा नंबर तोच राहिला, पण खांबावरून येणारी तांब्याची जोडी गेली. आता फोनची वायर निघते ती फायबरच्या डब्याच्या मागून, आणि तुमचं बोलणं तुकडे तुकडे होऊन इंटरनेटच्याच पद्धतीनं पुढं जातं. माणसाच्या बोलण्यात एखादा तुकडा हरवला तर कुणाला कळत नाही. मोडेमला कळतं, तो गडबडतो, पुन्हा सूर जुळवायला बसतो, आणि ते दहा-पंधरा सेकंद डाव गोठतो. त्यात तुकडे सांभाळून ठेवायला थोडी उसंत घेतली जाते, ती वेगळी. आवाज न दाबता पाठवला जात असेल तर मोडेम चालू शकतो. दाबून पाठवत असतील तर जुळणारच नाही, तिथं तुझ्या हातात काही नाही. चाललाच तर ३३.६ चा हट्ट धरू नकोस. स्पोर्टस्टरला &एन८ सांगितलंस की तो १४.४ वर बांधला जातो, आणि दोघांच्या डावाला तेवढं सहसा पुरतं. कमी वेगाला सूर धरून ठेवणं सोपं जातं. कॉल वेटिंग मात्र आधी बंद करून घे, त्या एका टुणकीनं चांगला रंगलेला डाव जातो.

म्हणून म्हणते, पहिला डाव फायबरवर लावूच नकोस. काकांचा तो इंटरकॉमचा डबा हीच तुझ्या पत्रातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. तू ती शेवटी सहज लिहिलीस! दुकानांतले, लॉजमधले जुने इंटरकॉम म्हणजे छोटं टेलिफोन एक्स्चेंज. आत डायल टोन, घंटी, फोनला लागणारी वीज, सगळं स्वतःचं. एका एक्स्टेन्शनला तुझा मोडेम, दुसऱ्याला चुलतभावाचा, मध्ये तांब्याची काही फूट वायर. यापेक्षा स्वच्छ लाईन कुणाच्या बापजन्मी मिळाली नसेल. गणपतीला निपाणीची मंडळी खानापूरला येणार असतील तर काकांना सांग, डबा आणि पीसी दोन्ही गाडीत टाका. एक कॉम्प्युटर माजघरात, एक वरच्या खोलीत, आणि फोन नंबराच्या जागी समोरच्या एक्स्टेन्शनचा नंबर. खेळात ‘मल्टीप्लेअर’मध्ये मोडेम निवडायचा, एकानं उत्तर द्यायला थांबायचं, दुसऱ्यानं लावायचं. इंटरकॉमचा डायल टोन मोडेमच्या ओळखीचा नसतो, तेव्हा ‘डायल टोनची वाट बघा’ ही चौकट आधी काढून टाक, नाहीतर तो लाईनच नाही म्हणून रुसून बसेल.

डबा चालूच झाला नाही तर? दोन मोडेम साध्या फोनच्या वायरनं एकमेकांना जोडून, एकाला एटीएक्स१डी आणि दुसऱ्याला एटीए सांगितलं तरी बरेच मोडेम जुळतात. पण मध्ये घंटी वाजवणारं कुणी नसतं, आणि घंटीशिवाय एज ऑफ एम्पायर्स फोन उचलणार नाही. १९९३ चा डूम हा खेळ मात्र अशा आधीच जुळलेल्या लाईनवर चालतो, त्याच्या सेटअपमध्ये तशी सोय आहे. आणि अगदीच काही जमलं नाही तर ती नल मोडेम केबल आहेच, एज ऑफ एम्पायर्सला थेट सिरीयल जोडणीही चालते. त्यात शिट्टी ऐकू येत नाही एवढंच, आणि मला वाटतं तुला निम्मी मजा त्या शिट्टीचीच हवी आहे.

नेटवरच्या खेळांचं तू विचारलं नाहीस, तरी कुणीतरी विचारणारच म्हणून थोडक्यात. आजचा खेळ मोडेमवर उतरवायचा म्हटलं, ५० जीबीचा धर, सेकंदाला पाच केबीनं जवळजवळ चार महिने लागतील, लाईन एकदाही न तुटता. तो विषय सोडून दे. पण जुना क्वेक हा नेमबाजीचा खेळ वेगळा. तो जून १९९६ ला आला तेव्हा आपलीच चाल सर्व्हरकडून परत येईपर्यंत पडद्यावर दिसायची नाही, आणि मोडेमवाले पार बेजार झाले. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात क्वेकवर्ल्ड काढला. त्यात तुमची चाल तुमचा कॉम्प्युटर लगेच दाखवतो आणि सर्व्हरशी मागाहून जुळवून घेतो. आज सगळेच नेमबाजीचे खेळ कमी-अधिक असंच करतात. पुढच्या सुट्टीत हौस आली तर रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा कॉम्प्युटरला दुसरा मोडेम जोडून त्यालाच घरगुती इंटरनेट कंपनी बनवता येतं, मध्ये हाच इंटरकॉम. पण ते दिवाळीला बघू.

वळवाच्या पावसाचं बाबांनी सांगितलं ते खरं आहे. खानापूर तालुक्यात, त्यातून जांबोटी-कणकुंबीकडं, मे महिन्यात ढग गडगडले की फोनच्या खांबावरून आलेली वीज कितीतरी मोडेम घेऊन जायची, आतलं कार्ड असलं तर मदरबोर्डही. बाहेरच्या डब्याचा तोही एक फायदा, बहुतेक वेळा तो स्वतः मरतो आणि पीसी वाचतो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, त्यामुळं तो धोका बराच गेला. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, वायरीतून येणारा राहिला. गणपतीच्या पुढं परतीचा पाऊस असतोच, आकाश वाजायला लागलं की प्लग काढ. स्विच नुसता बंद करून भागत नाही. तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का हे वायरमनकडून बघून घे, जुन्या घरांत ती पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते, आणि अर्थिंगशिवाय सर्ज प्रोटेक्टर पुरतं काम करत नाही.

बाबांशी वाद घालू नकोस. ‘पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या माणसाचा एक मोडेम पावसात गेलाय, आणि त्या काळी बाहेरचा मोडेम म्हणजे काही हजारांचा मामला होता. एसटीडीला रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून ते दोघे तेव्हा जागायचे, हेही लक्षात घे. फोनचं बिल कुणी भरलं असेल? त्यांना फक्त एवढं विचार की त्यांच्या मोडेमची कुठली सेटिंग त्यांनी बदलली होती. रात्री-अपरात्री दोन गावांत डाव लावणाऱ्या माणसानं काहीतरी बदललेलं असणारच. माळ्यावर ते खोकं होतं तिथंच जुना अडॅप्टर आणि केबलही असेल, नीट हात घालून बघ. जळाला मोडेम, अडॅप्टर नाही. मात्र तो एसी आहे का डीसी हे वाचल्याशिवाय लावायचा नाही.

शेवटी एक राहिलंच. तू तीन मोडेमची एवढी तपशीलवार यादी पाठवलीस, आणि चुलतभावाच्या पीसीत मोडेम आहे की नाही हे पत्रात कुठंच नाही. एका मोडेमनं फोन कुणाला लावणार? आजच निपाणीला विचार. आतलं कार्ड असेल तर त्यावरच्या सगळ्यात मोठ्या चिपवर काय छापलंय त्याचा फोटो मागव, बाहेरचा असेल तर बुडावरची चिठ्ठी. काहीच नसेल तर त्या दुकानात असला दुसरा पिवळा डबा आहे का बघ, आणि दोन घेतोय म्हणून सातशेच्या खाली ये. चिपचा फोटो मला पाठव, त्या मोडेमच्या आज्ञा पुढच्या आठवड्यात देते.